सायकॉलॉजी लॅबमधलं विज्ञानसंवादाचं काम घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला कळव्याला, मानसशास्त्रात एम.ए. झालंय, आणि नेरूळच्या एका खासगी विद्यापीठातल्या लॅबकडून ऑफर आली आहे. लॅब झोप आणि कामाच्या पाळ्या यांवर अभ्यास करते. मराठी मजकूर, सोशल मीडिया, अभ्यासासाठी माणसं मिळवणं आणि 'जमलं तर प्रेस', असं सगळं तुमच्याकडे येणार. लॅबचे प्रमुख सर म्हणतात, 'लोकांना कळेल असं लिहा.' तुम्ही नमुन्यादाखल लिहिलेलं पान बघून पीएचडीची मुलं म्हणाली, 'हे चुकीचं झालं.' आणि घरचे विचारतात, एवढं शिकून पोस्टच टाकायच्या होत्या का? हे काम खरं आहे का, संशोधन किती सोपं करायचं याला काही हद्द आहे का, आणि यापेक्षा पीएचडी करावी का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी अनेक वर्षं हेच काम करते. राहते ठाण्यात, आणि ट्रान्स-हार्बर लोकलनेच कामाला जाते, त्यामुळे इथली माणसं आणि इथल्या लॅब दोन्ही जवळून पाहिल्या आहेत. काम खरं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते तुमच्या वाट्याला खरं येईल का, हे एका गोष्टीवर ठरेल: लॅबमध्ये तुम्हाला कधी बोलावलं जाणार? अभ्यास आखताना, की संशोधनाचा पेपर छापून आल्यावर? पेपर छापून आल्यावर बोलावलं तर तुमच्या हातात फक्त सजावट उरते. कुणाला विचारलं, काय विचारलं, कशाशी तुलना केली, हे सगळं ठरून गेलेलं असतं आणि त्यातल्या उणिवा झाकणारी वाक्यं तुमच्याकडून मागितली जातात. अभ्यास आखताना तुम्ही त्या टेबलाशी बसलात, तर पुढे लोकांना काय सांगता येईल आणि काय नाही, हे तिथेच स्पष्ट होतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथून सांगू शकत नाही. लॅब पाच माणसांची आहे की पंचवीस, पगार विद्यापीठाकडून येतो की एखाद्या प्रोजेक्टच्या ग्रँटमधून, सर स्वतः लिहिण्यात रस घेतात की नाही. ग्रँटमधून पगार असेल तर प्रोजेक्ट संपला की नोकरीही संपते, हे गृहीत धरा आणि ग्रँटची शेवटची तारीख सरळ विचारून घ्या. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. पीएचडीची मुलंही हेच विचारतात.

आता कामाबद्दल. बहुतेकांना वाटतं की लॅबचा वाचक म्हणजे वर्तमानपत्रात बातमी वाचणारा माणूस. माझ्या अनुभवात लॅबचा पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा वाचक म्हणजे अभ्यासात भाग घेणारा माणूस. तो तुमचा मजकूर वाचून आपला वेळ, आपली झोप, आपल्या घरातल्या गोष्टी तुमच्या हवाली करतो. त्याला दिलेलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र हे तुमचं सगळ्यांत जबाबदारीचं लेखन. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे कागद, त्यांची मराठी भाषांतरं, आणि माणसं मिळवण्यासाठी लावलेली जाहिरातसुद्धा एथिक्स कमिटीकडून, म्हणजे संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीकडून, मंजूर व्हावी लागते. म्हणजे तुमची व्हॉट्सअॅपवर फिरवायची चार ओळींची नोटीससुद्धा. 'लहानसा बदल आहे, टाकून देऊ' असं कुणी म्हणालं तर थांबवायचं काम तुमचं.

तुमची लॅब पाळ्यांवर काम करते म्हणजे कधी ना कधी तुर्भ्याच्या एपीएमसी या घाऊक मार्केटात जावं लागेलच. भाजी मार्केट मध्यरात्रीनंतर जागं होतं, आणि माथाडी कामगारांसारखा पाळ्यांचा अनुभव फार थोड्यांना असतो. तिथे वापरायच्या एका माहितीपत्रकात मूळ इंग्रजीवरून केलेलं वाक्य असं होतं: 'सदर संशोधनातील आपला सहभाग ऐच्छिक असून कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता सहभाग मागे घेण्यास आपण स्वतंत्र आहात.' व्याकरणात खोट नाही. ते मी एका हमालभाऊंना वाचून दाखवलं. साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, डोक्यावरचं ओझं नुकतंच उतरवून चहा घेत बसलेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, 'ताई, हे मुकादमाला कळणार का?'

अख्ख्या दोन पानांत याचं उत्तर नव्हतं. त्यांची भीती वेगळीच होती: आपण 'झोप लागत नाही' असं लिहून दिलं आणि ते टोळीत, म्हणजे बरोबर काम करणाऱ्या हमालांत, पसरलं तर उद्या आपल्याला कामावर घेतील का? मग ते वाक्य असं झालं: 'यात भाग घ्यायलाच हवा असं नाही. मधेच नको वाटलं तर सांगा आणि उठून जा, कारण विचारणार नाही. तुम्ही हो म्हणालात की नाही, आणि काय उत्तरं दिलीत, हे मुकादमाला किंवा टोळीतल्या कुणालाही आम्ही सांगणार नाही.' हा बदल कमिटीकडे गेला. पण तो नुसता लिहून भागत नाही. त्यासाठी मुलाखती मार्केटच्या गाळ्यात न घेता बाहेर, वेगळ्या जागी घ्याव्या लागल्या, कारण गाळ्यात बसवलं तर कोण आलं ते सगळ्यांना दिसतंच. एका वाक्यामुळे अभ्यासाची पद्धत बदलली. म्हणून म्हणते, तुम्ही सुरुवातीला टेबलाशी हव्यात.

माहितीपत्रकात आणखी एक गोष्ट मी आग्रहाने वरच्या दोन ओळींत घेते: 'इथे उपचार होत नाहीत.' 'झोपेचा त्रास आहे? आमच्याशी संपर्क साधा' अशी नोटीस लावली की माणूस उपचार मिळणार या आशेने येतो. तो प्रश्नावली भरतो, मनगटाला यंत्र बांधून आठवडाभर फिरतो, आणि शेवटी विचारतो, 'मग गोळी कधी देणार?' हा गैरसमज जगभरच्या संशोधनात आढळतो आणि तो होऊ न देणं ही लिहिणाऱ्याची जबाबदारी. त्याच पानावर उपचार कुठे मिळतील तेही लिहा.

ठाण्या-नवी मुंबईत याला आणखी एक पदर आहे. मुंबईत अजूनही कुणाला चिडवायचं तर 'ठाण्याला भरती करा' म्हणतात, कारण १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे. तुम्ही सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मानसशास्त्र विभागाचं नाव घालून कागद लावलात की काही जण चार पावलं मागे सरकतात. पण त्याच ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्याबद्दल मराठीतून, उघडपणे, सभागृहं भरवून बोलत आली आहे. त्यामुळे कोपरीतल्या, नौपाड्यातल्या कितीतरी घरांत हे विषय आता जेवणाच्या ताटावर बोलले जातात. वाचक दोन्ही प्रकारचे आहेत हे धरून लिहा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते: सोपं किती करायचं? माझ्या मते सर आणि पीएचडीची मुलं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. भाषा हवी तेवढी सोपी करा, तिला हद्द नाही. दावा मात्र पेपरात आहे त्याहून तसूभरही मोठा करायचा नाही. गडबड होते ती सोपं करताना दावा नकळत फुगतो म्हणून.

उदाहरण घेऊ. हा अभ्यास मी कल्पनेने रचलेला आहे. समजा, तुमच्या लॅबने ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतले रात्रपाळीचे ८० आणि दिवसपाळीचे ८० कर्मचारी घेतले, त्यांच्याकडून चिडचिडीबद्दलची प्रश्नावली एकदाच भरून घेतली. रात्रपाळीवाल्यांचे गुण सरासरीने जास्त निघाले. फरकाचं माप (इफेक्ट साइज, म्हणजे दोन गटांत किती अंतर आहे ते) ०.४, म्हणजे आमच्या क्षेत्रात लहान आणि मध्यम यांच्या मधलं. पहिला मथळा सगळ्यांना सुचतो: 'रात्रपाळीमुळे माणूस चिडचिडा होतो.' यात तीन गोष्टी पेपरात नसलेल्या आहेत. 'मुळे' म्हणायला आधार नाही, कारण एकदाच विचारलंय. कदाचित नव्याने लागलेल्या मुलांनाच रात्रपाळी दिली जात असेल आणि चिडचिड नवखेपणाची असेल. 'माणूस' म्हणायला आधार नाही, कारण विचारलं ते ऐरोलीतल्या आयटीवाल्यांना. एपीएमसीतल्या हमालाला, ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलातल्या नर्सला कुणी विचारलेलं नाही. आणि 'होतो' म्हणजे बदल झाला, पण आधी किती चिडचिड होती ते मोजलेलंच नाही.

मी लिहीन ते असं: 'ऐरोलीतल्या १६० आयटी कर्मचाऱ्यांच्या पाहणीत रात्रपाळीवाल्यांनी थोडी जास्त चिडचिड नोंदवली. ती पाळीमुळेच आहे का, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही.' लांब आहे, पण त्यात अवघड शब्द एकही नाही. कुणीही वाचावं.

आता ते ०.४ वाचकाला कसं सांगायचं? नुसतं 'थोडी जास्त' मोघम वाटतं आणि आकडा टाकला तर कुणाला बोध होत नाही. माझी आवडती रीत अशी: रात्रपाळीतला एक आणि दिवसपाळीतला एक, असे कुणीही दोघे उचला. अशा १०० जोड्या केल्या तर साधारण ६१ जोड्यांत रात्रपाळीवाल्याची चिडचिड जास्त असेल, आणि ३९ जोड्यांत दिवसपाळीवाल्याची. फरकाचं माप ०.२ असतं तर हेच ५६ आणि ४४ झालं असतं, ०.५ असतं तर ६४ आणि ३६. गुणांची विभागणी साधारण घंटेच्या आकाराची आहे असं यात धरलेलं असतं, तेव्हा लॅबमधल्या आकडेवारीवाल्या मुलाकडून खात्री करून घ्या. ६१ आणि ३९ वाचल्यावर वाचकाला फरकही दिसतो आणि दिवसपाळीतही चिडचिड असणारी माणसं भरपूर आहेत हेही दिसतं.

याचा उपयोग काय, असं सर विचारतील. उपयोग असा की ही पोस्ट ऐरोलीतल्याच एखाद्या कंपनीचा एचआर वाचणार आहे. 'रात्रपाळीमुळे माणूस चिडचिडा होतो' हे त्याच्या डोक्यात बसलं तर टीम लीडर निवडताना तो रात्रपाळीतल्या मुलीचं नाव बाजूला ठेवू शकतो. तुमच्या अभ्यासात जिने आपला वेळ देऊन खरी उत्तरं दिली, तिलाच त्याचा फटका. मी प्रत्येक मजकूर संपवल्यावर स्वतःला विचारते, हे वाचून कोण काय करेल? मानसशास्त्रातले निष्कर्ष लोक लगेच माणसांना चिकटवतात: मुलाला, सुनेला, हाताखालच्या कर्मचाऱ्याला. त्यामुळे फुगवलेलं वाक्य इथे कुणाच्या तरी अंगावर येतं.

फुगवटा कुठून येतो याचाही अभ्यास झालेला आहे, आणि तो आपल्या कामाबद्दल आहे म्हणून सांगते. कार्डिफ विद्यापीठातल्या पेट्रॉक समनर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी छापली. ब्रिटनमधल्या २० नामवंत विद्यापीठांनी आरोग्याशी संबंधित संशोधनावर काढलेल्या ४६२ प्रेस नोट, त्यांचे मूळ पेपर आणि त्यावरून आलेल्या बातम्या त्यांनी शेजारी ठेवून वाचल्या. ४० टक्के प्रेस नोटांमध्ये वाचकाला दिलेला सल्ला मूळ पेपरापेक्षा वाढवलेला होता. प्रेस नोट फुगवलेली असली तर ५८ टक्के बातम्यांत तो फुगवटा उतरला, नसली तर १७ टक्के बातम्यांत. सगळा दोष पत्रकारांवर ढकलायची आपल्याकडे सवय आहे, पण राईचा पर्वत पुष्कळदा विद्यापीठाच्या आवारातच होतो. आणि फुगवल्याने बातम्या जास्त छापून आल्या, असंही त्यांना आढळलं नाही. सर जेव्हा म्हणतील 'जरा जोरदार लिहा, नाहीतर कोण छापणार', तेव्हा हा अभ्यास त्यांच्यापुढे ठेवा. संशोधक माणूस पेपर पुढे आला की ऐकतो, हा माझा अनुभव.

छोटा निष्कर्ष किती लांब जाऊ शकतो हे पाहायचं तर मोझार्टचं प्रकरण वाचा. १९९३ साली 'नेचर'मध्ये फ्रान्सिस राऊशर आणि सहकाऱ्यांचा एका पानाचा पेपर आला. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवलं, त्यानंतर अवकाशीय तर्काच्या कोड्यांत त्यांचे गुण वाढले, आणि हा परिणाम १०-१५ मिनिटांपलीकडे टिकला नाही, हे त्यातच लिहिलेलं होतं. बाळांचा त्यात संबंध नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी सरकारी तरतूद मागितली. आपल्याकडेही गर्भसंस्काराच्या वर्गांत मोझार्टचं नाव ऐकू येतं ते कुठून आलं, ते तुमच्या लक्षात येईल. कोण, किती जण, किती वेळ: या तीन गोष्टी वाक्यातून गळाल्या की असं होतं.

म्हणून पीएचडीच्या मुलांशी वाद न घालता मी एक सवय लावून घेतली आहे. मजकुरातल्या प्रत्येक दाव्यासमोर समासात पेपराचा पान क्रमांक किंवा तक्त्याचा क्रमांक लिहायचा. ज्या वाक्यासमोर क्रमांक लिहिता येत नाही ते वाक्य तुमच्या मनातून आलेलं असतं, ते काढा. मग हे पान मुलांकडे द्या. त्यांची तक्रार 'आमची परिभाषा गेली' अशी असेल तर ठाम राहा. 'कंट्रोल ग्रुपचा, म्हणजे तुलनेसाठीच्या गटाचा, उल्लेख गेला' अशी असेल तर निमूटपणे परत घाला. दोन्ही तक्रारी एकाच सुरात येतात, त्यामुळे वेगळ्या करायला हा समास कामी येतो. यात तुमचं एम.ए. कामी येतं, हे घरच्यांनाही सांगा. तक्ता वाचता येत नसेल त्याला हे जमणार नाही.

त्यानंतर तोच मजकूर लॅबबाहेरच्या एकाला वाचायला द्या. त्याला 'कळलं का?' विचारू नका. या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, विशेषतः विद्यापीठातून आलेल्या बाईने विचारल्यावर. 'हे वाचून तुम्ही उद्या काय कराल?' असं विचारा. झोपेच्या एका मजकुरावर एका रिक्षावाल्या दादांनी मला सांगितलं, 'दुपारची झोप बंद करणार.' मजकुरात दुपारच्या झोपेचा उल्लेख फक्त उदाहरण म्हणून होता. ते उदाहरण आम्ही काढलं.

एका अभ्यासावर किती भिस्त ठेवायची, हा तुमच्या कामातला सततचा प्रश्न राहील. २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये ब्रायन नोसेक आणि मोठ्या चमूने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचं छापलं. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरले होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. याने मानसशास्त्र खोटं ठरत नाही, आपलं क्षेत्र स्वतःला तपासतंय हे त्यातून दिसतं, आणि मराठी वाचकाला हेही सांगायला हवं. लॅबचा निष्कर्ष नवा असेल तर 'हा पहिलाच अभ्यास आहे, दुसऱ्यांनी करून पाहायचा आहे' हे एक वाक्य मी कधीही वगळत नाही.

आकडे उसने घेतानाही सांभाळा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण सगळे वापरतात: प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता. त्यावरून 'महाराष्ट्रात दर दहांत एक' असं पोस्टर मी अनेकदा पाहिलं आहे. त्या सर्वेक्षणात १२ राज्यं होती, पश्चिमेकडून गुजरात आणि राजस्थान. महाराष्ट्र त्यात नव्हता. 'देशातल्या १२ राज्यांत' एवढं लिहिलं की वाक्य खरं होतं.

आता काय टाकायचं नाही, ते लवकर सांगते.

लॅबच्या इन्स्टाग्रामवर 'तुम्हाला नैराश्य आहे का? स्वतः तपासा' अशी क्विझ करण्याचा आग्रह होईल. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मोफत मिळते, नऊच प्रश्न आहेत, ० ते २७ गुण, त्यामुळे मोह होतो. पण तिचा नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री दोन वाजता पनवेलच्या एखाद्या खोलीत कुणी त्याला 'जवळजवळ रोज' असं उत्तर देईल आणि तुमच्या बाजूला ते पाहायला कुणीही नसेल. जिथे उत्तर वाचायला प्रशिक्षित माणूस बसलेला नाही, तिथे हा प्रश्न विचारायचा नाही. मनाच्या त्रासाबद्दलच्या प्रत्येक पोस्टखाली टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे आणि २४ तास चालते.

आत्महत्येचा उल्लेख आला तर प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या सूचना पाळा: पद्धत, जागा, चिठ्ठी यांचा तपशील नाही, सनसनाटी मथळा नाही. तुमची पोस्ट म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, तरीही पाळा. आणि मनोरुग्णालयात किंवा मानसोपचार केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो वा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये, हे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २४ मध्येच आहे. भेटीचे फोटो काढायची सगळ्यांनाच हौस असते, पण पाठमोरा माणूससुद्धा त्याच्या आईला, शेजाऱ्याला ओळखू येतो.

चालू अभ्यासाबद्दलही मौन ठेवावं लागतं, आणि हे नव्या माणसाला पटायला जड जातं. 'रात्रपाळीने स्मरणशक्तीवर परिणाम होतो का, हे आम्ही तपासतोय' अशी सुंदर रील केलीत, ती ऐरोलीभर फिरली, तर उद्या येणारा सहभागी आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे मनात धरूनच येणार आणि तसाच वागणार. मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्येच हे दाखवून दिलं होतं. डेटा गोळा होईपर्यंत फक्त कमिटीने मंजूर केलेला मजकूर बाहेर जाईल, असं सरांशी पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या. तोवर लिहायला विषय कमी नाहीत: मनगटावरचं यंत्र काय मोजतं, संमतीपत्र कसं वाचावं, अभ्यासातून नाव कसं वगळलं जातं.

पत्रकारांचा फोन दुपारी येतो आणि त्यांना संध्याकाळपर्यंत हवं असतं. त्यासाठी प्रत्येक छापून आलेल्या पेपराचं एक पान तयार ठेवा: काय विचारलं, कुणाला, काय आढळलं, काय आढळलेलं नाही. चौथा मुद्दा पत्रकार आनंदाने घेतात, कारण त्यांनाही चूक छापायची नसते. बोलणारा संशोधक त्या दिवशी उपलब्ध नसेल तर सरळ नाही म्हणा. त्याच्या नावाने स्वतः काही सांगू नका.

आणि ज्यांनी भाग घेतला त्यांना निकाल कळवा. बहुतेक लॅब हे विसरतात. पेपर यायला वर्ष-दोन वर्षं जातात, तोवर माणसं नंबर बदलतात, गावी जातात. म्हणून संमतीच्या वेळीच, कमिटीच्या परवानगीने, 'निकाल कळवू का, कसा कळवू?' असा रकाना ठेवा. मार्केटातल्या लोकांना आम्ही मराठीत एक पान छापून दिलं, आणि ते एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवताना मी पाहिलं. माझ्या मते आजवर लिहिलेल्यांतलं ते सगळ्यांत चांगलं वाचलं गेलेलं पान.

पीएचडी की हे काम, हा तुमचा शेवटचा प्रश्न. समुपदेशनाकडे तुमचा ओढा असेल तर हे काम त्याची जागा घेणार नाही, आणि इथला अनुभव तिथे धरला जाईल या भरवशावर राहू नका. पीएचडी करायची असेल तर मात्र दोन वर्षं इथे काढणं फायद्याचं ठरतं: पेपर कसा घडतो, कमिटी काय विचारते, आकडे कुठे निसटतात, हे तुम्हाला आतून दिसेल. लिहिण्यातच राहायचं असेल तर मराठी विज्ञान परिषदेच्या चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात जात राहा. १९६६ पासून तिथे मराठीतून विज्ञान लिहिणारी माणसं एकत्र येत आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही नेरूळहून हार्बर लाईनवरच आहे.

हो म्हणायच्या आधी एक करा. सरांकडून लॅबचा एक जुना, छापून झालेला पेपर मागून घ्या. समासात पान क्रमांक घालून त्यावर मराठीत एक पान लिहा आणि त्यांच्याकडे पाठवा. परत येईल तेव्हा त्यांनी काय खोडलंय ते पाहा. 'हे या अभ्यासावरून सांगता येत नाही' ही ओळ खोडून आली तर भेटून कारण विचारा. उत्तर 'त्याने वजन कमी होतं' असं मिळालं, आणि कार्डिफचा तो प्रेस नोटांचा अभ्यास पाहूनही ते त्यावर अडून राहिले, तर मी तुमच्या जागी ही ऑफर घेणार नाही. ती ओळ राहिली आणि शेजारी आणखी एखादी मर्यादा त्यांनी हाताने लिहून पाठवली, तर ग्रँटची तारीख विचारा आणि रुजू व्हा. मग पहिल्याच दिवशी चालू अभ्यासाचं मराठी संमतीपत्र मागून घ्या, कारण त्यात काही दुरुस्ती लागणार असेल तर ती कमिटीच्या पुढच्या बैठकीआधी जायला हवी.